खंडाळ्याच्या वनस्पतींचे फादर सांतापाऊ

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात खंडाळ्याची बातमी येते ती वाहतूककोंडीची किंवा धबधब्यावरील गर्दीची. याच घाटमाथ्यावर पायी हिंडून तेथील वनस्पतींची शास्त्रशुद्ध नोंद करणारे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ मात्र आपल्या विस्मरणात गेले आहेत, याची मनापासून खंत वाटते.

स्पेनमध्ये १९०३ साली जन्मलेले सांतापाऊ जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघात दाखल होऊन १९२८ साली भारतात आले. लंडनला उच्च शिक्षण घेऊन परतल्यावर ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि तेथील ब्लॅटर हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची, धुराही त्यांनी वाहिली. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले, १९६७ साली पद्मश्रीने गौरवले गेले आणि भारतीय नागरिक म्हणूनच १९७० साली निवर्तले.

पदांपेक्षा मला मोलाचे वाटते ते १९५३ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘फ्लोरा ऑफ खंडाळा’, म्हणजे खंडाळ्यातील वनस्पतींची शास्त्रीय यादी. घाटातल्या कितीतरी वनस्पती पहिल्या पावसानंतर रुजतात, फुलतात आणि दिवाळीपर्यंत वाळूनही जातात. कारवी तर अनेक वर्षांनी एकदाच सामूहिक बहरते आणि बी धरून मरते. अशा डोंगराची यादी एखाद्या सहलीत होत नाही, त्यासाठी ऋतूंमागून ऋतू त्याच वाटा तुडवाव्या लागतात. हर्बेरियममधला कागद जवळून पाहिला की या कष्टांची कल्पना येते: दाबून वाळवलेली फांदी, तिची पाने-फुले, आणि खालच्या कोपऱ्यातील चिठ्ठीवर ठिकाण, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव. ती चिठ्ठी नसेल, तर त्या फांदीला पुरावा म्हणून फारशी किंमत उरत नाही.

ही यादी प्रसिद्ध झाल्यानंतर खंडाळ्यात द्रुतगती महामार्ग आला, बंगले आणि हॉटेले उभी राहिली. यात कोणती वनस्पती टिकली आणि कोणती हटली, हे ताडून पाहायला सत्तर वर्षांपूर्वीचा असा पक्का आधार महाराष्ट्रातील फार थोड्या ठिकाणांना लाभला आहे. म्हणून मुंबई आणि पुणे विद्यापीठांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना माझी विनंती आहे की, पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्यात या यादीची फेरतपासणी घ्यावी, आणि ती जून ते ऑक्टोबर या काळात प्रत्यक्ष डोंगरावर व्हावी. तिचे निष्कर्ष, वनस्पतींच्या स्थानिक नावांसह, मराठीतही प्रसिद्ध करावेत.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे