दाट धुकं फक्त 'हाय' सेटिंगवाल्यांनाच का? रँक्ड मॅचमधल्या हवामानाबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग व गेम डिझाइन टीम

विषय : हवामान आणि दिवस-रात्रीच्या अपडेटनंतर एकाच मॅचमधल्या खेळाडूंना वेगवेगळी परिस्थिती मिळत असल्याबाबत

स.न.वि.वि.

तुमच्या गाड्यांच्या लढाईच्या ऑनलाइन गेममध्ये आलेलं बदलतं हवामान देखणं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सीझन पास विकताना 'मॅचमधल्या सगळ्यांना सारखंच हवामान' असं तुम्ही लिहिलं होतं. प्रत्यक्षात धुकं, ओला रस्ता, अंधार आणि वीज ज्याच्या त्याच्या मशीनवर ठरतात. कॅज्युअल मोडमध्ये हे खपून जाईल, पण रँक्डमध्ये, म्हणजे क्रमवारीच्या मॅचमध्ये, हरल्यावर गुण कापले जातात. दोष पडताळायला दोन मशीन आणि एक प्रायव्हेट रूम पुरेशी आहे.

आधी धुकं. रूममध्ये हवामान 'दाट धुकं' वर लॉक करा. एका मशीनवर ग्राफिक्स 'हाय' ठेवा, दुसऱ्यावर 'लो'. दोन्ही गाड्या पुलाच्या एकाच टोकाला शेजारी उभ्या करा आणि तिसरी गाडी पुलावरून दूर न्या. 'हाय'वर ती साधारण १२० मीटरला पुसली जाते. 'लो'वर ३०० मीटरलाही तिची छत आणि बंदुकीची नळी स्वच्छ दिसते, म्हणजे आरामात नेम धरता येतो. कारण उघड आहे : 'लो'वर धुक्याचा खरा थर बंद होतो आणि उरतो तो लांबच्या डोंगरांवर चढणारा राखाडी रंग. म्हणूनच वरच्या रँकमधले खेळाडू चांगलं ग्राफिक्स कार्ड असूनही 'लो'वर खेळतात. धुक्याची दाटी सगळ्या सेटिंगला एकाच सूत्राने काढा, 'लो'वर फक्त त्याचा रेखीवपणा कमी करा. आणि धुक्यात कुणालाच दिसणार नाही इतक्या लांबच्या गाडीची नेमकी जागा सर्व्हरने पाठवूच नये. माहिती मशीनपर्यंत आली की ती उघडी पाडणारी चीट, म्हणजे फसवणुकीचं सॉफ्टवेअर, मागोमाग येतेच.

रात्रीची गत तीच. ब्राइटनेस आणि गॅमा (चित्रातला गडद भाग उजळवणारी सेटिंग) दोन्ही टोकाला नेले की मध्यरात्र ढगाळ दुपारसारखी दिसते. हेडलाइट लावावा की नाही, हा या मोडमधला सगळ्यात चांगला पेच आहे : लावला तर रस्ता दिसतो, पण तुम्हीही दिसता. गॅमा वाढवणारा हेडलाइट लावतच नाही, त्याच्यापुरता पेचच संपला. गेममधल्या गॅमाला रँक्डमध्ये मर्यादा घाला. मॉनिटरच्या बटणांवर तुमचा ताबा नाही हे मान्य, म्हणून रात्र पूर्ण काळी करू नका. चांदण्याचा किमान उजेड ठेवलात तर गॅमा वाढवून फारसं काही हाती लागणार नाही. शिवाय 'लो'वर समोरच्याच्या हेडलाइटचा झोत ६० मीटरपलीकडे काढलाच जात नाही. म्हणजे प्रामाणिकपणे दिवे लावून येणारी गाडी 'लो'वाल्याला उशिरा दिसते आणि इथे फटका 'लो'वाल्याला बसतो.

सावल्यांबाबतही नुकसान 'लो'वाल्याचंच. सूर्य क्षितिजापासून ५ अंशांवर असताना २ मीटर उंच गाडीची सावली जवळपास २३ मीटर लांब पडते. भिंतीआड दबा धरलेली गाडी 'हाय'वर सावलीमुळे पकडली जाते, 'लो'वर तेवढ्या अंतरावर सावलीच नसते. गाड्यांच्या सावल्यांचं अंतर सगळ्यांना सारखं ठेवा, झाडंझुडपांच्या सावल्या कापा हवं तर.

आता ओला रस्ता, कारण सगळ्यात जास्त मॅच इथेच बिघडतात. पाऊस सुरू असताना एका मशीनचं नेट तोडा आणि पुन्हा मॅचमध्ये या. सरळ रस्त्यावर ताशी ९० किलोमीटर वेग घ्या आणि पूर्ण ब्रेक दाबा. गाडी आधी सुमारे ४० मीटरमध्ये थांबल्यासारखी दिसते, मग हिसका बसून २०-२५ मीटर पुढे फेकली जाते. हिशेब सोपा आहे. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. घर्षणांक, म्हणजे रस्त्याच्या पकडीचा आकडा, कोरड्याचा ०.८ धरला तर थांबायला ४० मीटर लागतात, ओल्याचा ०.५ धरला तर ६४. सर्व्हरच्या लेखी रस्ता ओला आहे. परत आलेल्या मशीनने मात्र पाऊस आत्ताच सुरू झाला असं समजून ओलाव्याची मोजणी शून्यापासून सुरू केली. सपोर्टचं 'तुमचा पिंग तपासा' (पिंग म्हणजे सर्व्हरशी निरोप जाऊन यायला लागणारा वेळ) हे ठरलेलं उत्तर इथे लागू नाही, २० मिलिसेकंद पिंगवरही हेच होतं. ओलाव्याचा आकडा सर्व्हरने ठेवावा आणि जोडणी होताच पाठवावा, एवढंच काम आहे.

त्याच आकड्याची आणखी एक खोड आहे. तो पायरीपायरीने चढतो आणि प्रत्येक पायरीला ग्रिप एका झटक्यात पडते. सरळ रस्त्यावर ते जाणवत नाही, वळणात मागची चाकं तिथेच सुटतात. चढ ६० ते ९० सेकंदांत सलग हवा आणि सुकण्याला त्याहून जास्त वेळ हवा. खऱ्या रस्त्यावर तर पावसाच्या पहिल्या सरीत धूळ आणि तेल वर येऊन घसरण सर्वाधिक असते. तेवढं बारीक काम आम्ही मागत नाही. पण बोगद्यातला रस्ता ओला होणं मात्र थांबवा. आणि टायरची निवड पक्की होण्याआधी गॅरेजमध्ये हवामानाचा अंदाज दाखवा, नाहीतर टायर निवडणं हा निव्वळ जुगार आहे.

विजेबद्दल थोडं. लखकन चमकल्यावर धुक्याआडच्या गाड्यांची आकृती क्षणभर दिसते, ही कल्पना झकास आहे. गडगडाटही लांबच्या विजेनंतर तीन-एक सेकंदांनी, अंतराच्या हिशेबाने येतो. एवढा विचार करून वीज मात्र प्रत्येक मशीनवर वेगळ्या वेळी पडते! एकाला शत्रू दिसतो, शेजारच्या साथीदाराला काळोख. विजेची वेळ सर्व्हरने द्यावी. सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा पूर्ण पडदा पांढरा करू नका, झगमगाटाने झटके येणाऱ्यांना ते धोक्याचं आहे. असा झगमगाट बंद करण्याची सेटिंगही कुठे सापडली नाही.

शेवटी सूर्य. गेममधला दिवस २४ मिनिटांचा, म्हणजे सूर्य मिनिटाला १५ अंश सरकतो. वाळवंटाच्या नकाशावर तळ पूर्व-पश्चिम आहेत. मॅच सकाळी सुरू झाली की पश्चिमेच्या संघाला पहिली दोन-तीन मिनिटं थेट डोळ्यात ऊन घेऊन चाल करावी लागते, आणि पहिला मनोरा त्याच वेळात त्यांच्या हातून जातो. सूर्याचा मार्ग तळांना जोडणाऱ्या रेषेला आडवा फिरवा किंवा दोन फेऱ्या खेळवून बाजू बदला.

आमच्या मागण्या : धुकं, ओलावा आणि वीज सर्व्हरवर जाईपर्यंत रँक्डमध्ये फक्त कोरडा दिवस ठेवा. अपडेटनंतर पावसाच्या मॅचमध्ये पुन्हा जोडणी करून हरलेल्यांचे कापलेले गुण परत करा. नोंदी तुमच्या सर्व्हरवर आहेतच. आणि 'सारखंच हवामान' या शब्दावर सीझन पास घेतलेल्यांपैकी जे मागतील त्यांना पैसे परत द्या.

वरच्या प्रत्येक चाचणीच्या दोन्ही मशीनवरच्या चित्रफिती सोबत जोडल्या आहेत. कोणता दोष कोणत्या पॅचमध्ये दुरुस्त होणार, ते तारखेसह १५ दिवसांत लेखी कळवावं.

आपले,
रँक्ड मोडमधले नियमित खेळाडू