सुध्या, पोरगी तुझ्या वळणावर गेलीय

प्रिय सुध्या,

मावशींच्या वर्षश्राद्धालाही माझा फोन नाही, तेव्हा आधी पोटभर शिव्या दे आणि मग वाच. साखर बरी, गुडघा आहे तसाच.

मुक्तानं घोळ घातलाय. बायकोशी बोलायला गेलो की गाडी थेट ग्रीन कार्डावर येते, म्हणून तुला लिहितोय.

सेंट लुईसच्या थोडं वर, मिसिसिपीच्या काठी ऑल्टन नावाचं गाव आहे. पाहुणा आला की मी त्याला तिकडे नेतोच. तूही सुटणार नाहीस. गावाला पुतळ्यांची दांडगी हौस. लिंकन आणि त्याचा निवडणुकीतला प्रतिस्पर्धी डग्लस यांचा शेवटचा जाहीर वाद १८५८ साली इथं झाला, म्हणून दोघं चौकात ब्राँझमध्ये उभे. रॉबर्ट वॅडलो, जगातला सर्वांत उंच माणूस, त्याचा आठ फूट अकरा इंचांचा पुतळा (आपला लंब्या शेजारी उभा केला तर पोरगा दिसेल). जाझवाला माइल्स डेव्हिस इथलाच, तोही ट्रम्पेट घेऊन हजर. मार्टिन ल्यूथर किंगचा खुनी जेम्स अर्ल रे याचा जन्मही इथलाच. त्याच्यासाठी मात्र कुणी वर्गणी काढलेली दिसत नाही.

आणि दफनभूमीत शंभर फुटांहून उंच खांब आहे, एलायजा लव्हजॉयचा. गुलामगिरीविरुद्ध लिहायचा. पलीकडच्या मिसुरीत गुलामगिरी कायदेशीर होती, म्हणून सेंट लुईस सोडून गुलामगिरीला बंदी असलेल्या या राज्यात, इलिनॉयमध्ये आला. इथंही लोक त्याचं छपाईयंत्र फोडून नदीत टाकायचे, हा नवं मागवायचा. ७ नोव्हेंबर १८३७च्या रात्री जमाव नवं यंत्र ठेवलेल्या गोदामावर चालून गेला, छपराला आग लावू लागला. ती अडवायला हा बाहेर आला आणि गोळ्या खाऊन पडला. पुरला तो पस्तिसाव्या वाढदिवशी. खटला आधी भरला तो गोदाम राखणाऱ्यांवर! नंतर जमावातल्यांवर. दोन्हीकडचे सुटले, खुनाची शिक्षा कुणालाच नाही. खांब उभा राहिला १८९७ साली, म्हणजे लाज वाटणारे बहुतेक गेल्यावर.

मुक्तानं यावर शाळेच्या पेपरात लेख लिहिला. जमावात गुंड नव्हते, डॉक्टर होते, गावची प्रतिष्ठित मंडळी होती, वगैरे. इथवर सगळे खूश. शेवटचे दोन परिच्छेद मात्र शाळेच्या लायब्ररीतून गुपचूप काढलेल्या पुस्तकांवर. ते गाळ, असं तिला सांगितलं गेलं. ही म्हणते, गाळणार नाही, स्वतः छापून फाटकावर वाटीन. कॉलेजसाठी शिफारसपत्र त्याच लोकांकडून घ्यायचंय, सुध्या. आपले कागद अजून सरकारदरबारी पडलेत. शेजारी हसून हात करतात, पण त्या हसण्याच्या मागे काय आहे हे मला इतक्या वर्षांनीही कळत नाही. मी म्हटलं, दोन परिच्छेदांनी काय बिघडतं? तर म्हणाली, "बाबा, त्या खांबाखाली उभं राहून मला भाषण कोण देत होतं?"

आता तू गालात हसशील. प्राचार्यांनी तुझं भित्तिपत्रक फाडलं आणि तू रात्रीतून दुसरं चिकटवलंस, तेव्हा खळ मी शिजवली होती. सही केली नाही म्हणून तू सबंध सत्र अबोला धरलास. खळ नसती तर तुझी क्रांती सकाळपर्यंत भिंतीवर टिकली नसती, हे माझं म्हणणं आजही कायम आहे.

पण तुझ्या त्या निलंबनानंतर काकांनी महिनाभर जेवणावर तोंड उघडलं नव्हतं, तेही मी पाहिलंय. तेव्हा मला ते भित्रे वाटले होते.

शनिवारी तुझ्या सकाळी मुक्ता फोन करेल. तुझं ऐकते ती. थांब म्हणू नकोस, ती थांबणार नाही. पण वाटायचंच असेल तर एकटीनं वाटू नकोस, एवढं तिच्या गळी उतरव. बरोबर कोण आहे ते विचारून घे. मी विचारलं तर पोलिसी चौकशी वाटते.

विहिरीला पाणी लागलं का? धाकट्याचं बी.एड.चं काय झालं? वहिनींना नमस्कार, आणि पेन्शनच्या कागदांवर एकदाची सही करून टाक.

तुझा,
विन्या