परसात पेव्हर घालायच्या आधी हे वाच

प्रिय ठमे,

तुझा मेसेज आला तेव्हा मी दारात बसून चिखलाचे बूट काढत होते. "परसात पेव्हर ब्लॉक घालून घेतोय गं, चिखल आणि डासांनी जीव नकोसा केलाय" असं लिहिलंयस, आणि वाचून पोटात कालवलंच एकदम. चिखल उपसायला मी काही वाईला येणार नाहीये, सगळं तुलाच बघायचंय, हे कळतं मला. तरी पण शनिवार-रविवारी मी काय काय बघून आले ते आधी ऐक आणि मग मिस्त्रीला अॅडव्हान्स दे.

गेल्या वीकेंडला आमच्या मेलबर्नच्या उत्तर भागातल्या काही लोकांनी आपल्या घरच्या भाजीच्या बागा सगळ्यांसाठी उघड्या ठेवल्या होत्या. नाममात्र तिकीट, हातात नकाशा, आणि अनोळखी माणसाचं फाटक ढकलून सरळ मागच्या दारी जायचं! मी सात बागा केल्या, दोन दिवसांत पायाचे तुकडे पडले पण मन काही भरेना.

पहिलं घर एका इटालियन आजोबांचं. लसूण काढायला आलेला, ब्रॉड बीन्सच्या शेंगा लोंबतायत, आणि टोमॅटोची रोपं नुकतीच लावलेली. इथे म्हणतात मेलबर्न कपच्या, म्हणजे इथल्या मोठ्या घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी, नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, टोमॅटो लावायचे, कारण तोवर थंडीचा भरवसा नसतो. त्यांना इंग्लिश फार येत नाही, नात सांगत होती. त्यांनी खिशातून घडी घातलेला पेपर नॅपकिन काढला, उलगडला, तर त्यावर गेल्या वर्षीच्या टोमॅटोच्या बिया चिकटून वाळलेल्या, एकेक बी नखाएवढ्या अंतरावर. नॅपकिनसकट मातीत ठेवायचा म्हणे. माझी आजी राखेत घोळवून भिंतीला शेणात बिया थापायची ना, अगदी तेच डोळ्यासमोर आलं.

आता तुझ्या कामाचं. एका बाईंकडे विकिंग बेड होते. विक म्हणजे आपली वात, दिव्यातली वात जशी तेल वर ओढते तशी माती खालून पाणी वर ओढते. कॉलिन ऑस्टिन नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने ही पद्धत रुजवली. खाली प्लॅस्टिकचं अस्तर, त्यावर स्कोरिया म्हणजे सच्छिद्र लाल दगडांचा थर, त्यात पाणी साठतं, वर एक कापड आणि त्यावर साधारण फूटभर माती, जास्त नाही, कारण तेवढंच पाणी वर चढतं. पाणी भरायला एक उभा पाईप आणि जास्तीचं बाहेर जायला बाजूला भोक. मी विचारलं डास होत नाहीत का, तर म्हणाल्या पाणी उघडं राहतच नाही, पाईपच्या तोंडावर जाळी बसवली की झालं. ठमे, तुझ्या परसातले डास मातीतून येत नाहीत गं! मोरीचं पाणी जिथे साचून राहतं तिथे होतात. तुझ्या आईने तिथेच अळू लावलं होतं, आठवतं? सगळं पाणी अळू पिऊन टाकायचं आणि श्रावणात आपण फदफद्याला पानं काढायला पळायचो. तिथे चर खणून खडी भर, अळू आणि करदळ लाव. पेव्हर घातलेस तरी मोरीचं पाणी जाणार कुठे? फटींत साचेलच.

दुपारी सेरीसला थांबलो. मेरी क्रीकच्या काठाची ही जागा आधी निळ्या दगडाची खाण, मग कचऱ्याचा उकिरडा, आणि 1982 पासून लोकांनी तिची बाग केली. आता तिथे नर्सरी आहे, कोंबड्या आहेत, लहान मुलं माती चिवडतायत. उकिरड्याची बाग करणारी माणसं बघून आले आणि घरी येते तर तुझा पेव्हरचा मेसेज, म्हणून जास्तच लागलं गं.

आणि एक गंमत. एका बाईंच्या बागेत तणाची बादली भरून ठेवलेली, कंपोस्टला जाणार होती. बघते तर चाकवत! कोवळा, लुसलुशीत, पानाच्या मागे ती पांढरी भुकटी. इथे त्याला फॅट हेन म्हणतात आणि उपटून टाकतात. मी विचारलं फवारणी करता का, तर कधीच नाही म्हणाल्या, मग अख्खी बादली घेऊन आले. रात्री ताकातला चाकवत, चण्याची डाळ, शेंगदाणे, वरून लसणीची फोडणी. अकरा वर्षांनी खाल्ला. मुलगा तीनदा वाटी पुढे करत होता.

शेवटची बाग श्रीलंकेच्या एका ताईंची, तिथे माझ्या उंचीचा कढीपत्ता! माझा तर जुलैच्या थंडीत पार निष्पर्ण झाला, मी फेकायलाच काढला होता. त्यांचा उत्तरेकडे तोंड असलेल्या विटांच्या भिंतीला टेकून, कारण इथे सूर्य उत्तरेकडून असतो आणि दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. त्या म्हणाल्या, खोडाला नखाने जरा खरवड, आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे. घरी आल्या आल्या, बूट काढायच्याही आधी खरवडलं. हिरवं होतं ठमे! कुंडी लगेच भिंतीपाशी ओढली.

बिया मात्र पाठवू नकोस हं, इथले क्वारंटाइनवाले फार कडक आहेत. त्याऐवजी परसाचे फोटो पाठव, मोरीपासून पारिजातकापर्यंत सगळे, आणि ऊन किती वाजता कुठे येतं तेही लिही. मिस्त्री ऐकतच नसेल तर चालायला दोन फुटांची वाट घालू दे, बाकी माती तशीच राहू दे. शनिवारी फोन करते, तुझ्याकडे सकाळ असेल तेव्हा.

तुझीच,
मेलबर्नवाली