उलटा हत्ती म्हणजे वजीर नव्हे

महोदय,

सुट्टीच्या दिवसांत गावोगावी खुल्या बुद्धिबळ स्पर्धा भरतात. हौशी खेळाडूंचे अनेक वाद तिथे चालीवरून नव्हे, तर हात कुठे आणि कधी गेला यावरून होतात.

प्यादे शेवटच्या घरात पोचते, त्याचा वजीर करायचा असतो, पण दुसरा वजीर जवळ नसतो, म्हणून हत्ती उलटा ठेवून घड्याळ दाबले जाते. फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांनुसार तो हत्तीच! पुढे तो तिरपा चालवला की नियमबाह्य चाल. पहिल्या अशा चालीला प्रतिस्पर्ध्याला 2 मिनिटे (ब्लिट्झ म्हणजे अतिजलद डावात 1 मिनिट) जादा मिळतात, दुसरीला डाव गेला. वजीर नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडे मागावा. त्यासाठी घड्याळ थांबवायला परवानगी आहे. कॅसलिंगमध्येही (राजा दोन घरे हत्तीकडे सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवण्याच्या चालीतही) आधी राजाला हात लावायचा. हत्तीला आधी लावला, तर त्या चालीत त्या बाजूला कॅसलिंग नाही आणि हत्तीच हलवावा लागतो.

सर्वांत जास्त गोंधळ बरोबरीच्या दाव्याचा. ‘तीनदा शह दिला की बरोबरी’ असा नियमच नाही. तीच स्थिती तिसऱ्यांदा यावी लागते, चाल त्याच खेळाडूची हवी, कॅसलिंगचे आणि आँ-पासाँचे (दोन घरे पुढे आलेले प्यादे, ते एकच घर आल्यासारखे, लगेच मारण्याचे) हक्कही तेच हवेत. मध्ये इतर चाली झाल्या तरी चालते. आपल्या चालीने ती स्थिती येणार असेल, तर चाल स्कोअरशीटवर (चाली नोंदवायच्या कागदावर) लिहायची, पटावर खेळायची नाही, आणि पंचांना सांगायचे. आधी खेळून घड्याळ दाबले की दाव्याची संधी गेली. दावा चुकला तर प्रतिस्पर्ध्याला 2 मिनिटे, शिवाय लिहिलेली चाल खेळावीच लागते. पंच आपणहून डाव थांबवतात ते पाचव्यांदा. स्कोअरशीट अर्धवट असेल तर दावा सिद्ध करणे अवघड, हे सांगायला नकोच.

आपली वेळ संपली तरी समोर नुसता राजा उरला असेल तर हार नाही, बरोबरी. हे माहीत नसल्याने मुले निमूटपणे हात मिळवून उठतात.

घरी देशी पद्धतीने शिकलेल्यांचे तर आणखी अवघड: प्यादे ज्या स्तंभात पोचेल तिथले मोहरे मिळते, हीच त्यांची समजूत. दिव्या देशमुखच्या 2025 च्या महिला विश्वचषक विजयानंतर मुलींना पटावर बसवू पाहणाऱ्या पालकांनी हे आधी विचारून घ्यावे. आयोजकांनी प्रत्येक पटाशेजारी दोन्ही रंगांचा एकेक जादा वजीर ठेवावा आणि पहिल्या फेरीआधी पंचांना पाच मिनिटे मराठीत बोलू द्यावे. सध्या ती पाच मिनिटे पाहुण्यांच्या सत्कारात जातात.

— एक वाचक, सांगली