आधी नळाला पाणी द्या

महोदय,

खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत संहत सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीवरील लेबल पुसून गेलेले आणि आगीसाठी ठेवलेल्या वाळूच्या बादलीत कागदाचे बोळे साचलेले पाहिले. आम्लात पाणी ओतल्यास निर्माण होणाऱ्या उष्णतेने ते उसळून अंगावर उडते, म्हणून पाण्यातच आम्ल थोडे थोडे सोडावे, हे मुलांना तोंडपाठ आहे. पण बाटलीत काय आहे हेच कळत नसेल तर त्या पाठांतराचा उपयोग काय? डोळ्यांत थेंब गेल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुवावे लागतात, आणि तेथील नळ कोरडा! संरक्षक चष्मे यथावकाश येतील. शाळा व्यवस्थापनाने जून उजाडण्यापूर्वी नळाला पाणी आणि बाटल्यांना ठळक लेबले एवढे तरी करावे.

– एक पालक, खानापूर (जि. बेळगाव)