कुड्याला पाटी तरी बरोबर लावा

संपादक साहेब, नमस्कार.
येऊरच्या पायथ्याशी फिरायला येणारे आम्ही ठाणेकर मे-जूनमधे कुड्याची पांढरी फुलं बघतो, मोबाईलवर फोटो काढतो आणि पुढे जातो, पण हे झाड साधंसुधं नाहीये हो. चरकसंहितेत त्याची साल रक्त थांबवणाऱ्या औषधांत सगळ्यात वरची सांगितलीय, आणि आवेवर त्याच्यापासून केलेलं कुटजारिष्ट आजही मेडिकलमधे मिळतंच. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज डॉक्टर, ज्याच्याकडे आपलं मुंबई बेट चक्क भाड्याने होतं (तेव्हा भाडं परवडत असावं!), त्याच्या 1563 साली गोव्यात छापलेल्या पुस्तकात मलबारच्या वैद्यांचं जुलाबावरचं एक झाड आहे, ते कुडाच असं मानतात. पुढे ही साल युरोपातही गेली, पण व्यापारी या पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळा कुडा या दुसऱ्याच झाडाची साल मिसळायचे, मग गुण येईना आणि औषधच बदनाम झालं.

आता गंमत बघा, आमच्या जवळच्या एका बागेत काळ्या कुड्यालाच ‘पांढरा कुडा, औषधी’ अशी पाटी लावलीय. शेंगा बघितल्या तरी कळतं, काळ्याच्या जोडशेंगा टोकाला चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. त्यात पाटी वाचून कुणीतरी चाकूने बुंध्याची साल हातभर सोलून नेलीय, खालचं लाकूड उघडं पडलंय. संबंधितांनी एखाद्या वनस्पतीच्या प्रोफेसरांना बोलवून सगळ्या पाट्या एकदा तपासून घ्याव्यात आणि ‘साल काढू नये’ हेही मोठ्या अक्षरात लिहावं.

– एक वाचक, ठाणे (प.)