नाशिकच्या दादांना, बाईंच्या टॅबबद्दल

प्रिय दादा,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. तसं ते लिनक्स कर्नलच्या (विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या) इतिहासात आता कायमचं जाऊन बसलंय, शोधणाऱ्याला सापडेलच. पण फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "अहो ताई, वीस-पंचवीस ओळी तर आहेत" म्हणता आणि देवरुखला पाऊस किती झाला ते विचारता. म्हणून हे सगळ्यांसमोर, लेखी. आता विषय बदलून दाखवा.

बाकीच्यांना प्रकरण कळावं म्हणून थोडं मागचं सांगते. आईचा टॅब 2015 च्या दिवाळीतला. कीबोर्ड अडकवला की लॅपटॉप, काढला की टॅब. आत अ‍ॅटम झेड3735एफ प्रोसेसर, 2 जीबी रॅम, 32 जीबी जागा. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली, आणि तिच्या बचत गटाचा हिशेब गेली कित्येक वर्षं याच टॅबवर आहे. मध्ये कीबोर्डच्या पिना गेल्या, तेव्हापासून सगळं काम बोटाने. विंडोजचा मोठा अपडेट आला की जागा कमी पडायची, मग कुठला तरी पेन ड्राइव्ह लावून तो ढकलायचा. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. 11 ला किमान 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा लागते, म्हणजे प्रश्नच मिटला. टॅब ज्यांनी बनवला त्यांच्या हेल्पलाइनला फोन केला, तर मॉडेल नंबरच त्यांच्या यादीत नव्हता. दुकानदार म्हणाला, भंगारात घाला. आई त्याला म्हणाली, "सत्तरीनंतर माणसांनापण घालता का?"

मावसभावाने तुमचा नंबर दिला. दिवसा कारखान्यात सीएनसी मशीन चालवतात आणि रात्री कर्नलशी खेळतात, एवढीच ओळख. मी उत्साहात मेसेज टाकला, "आज रात्री फॉरमॅट मारते, उद्या लिनक्सचं बघू." साडेदहाला तुमचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. "थांबा! विंडोज पुसू नका."

तेव्हा कळलं की आमच्या टचस्क्रीनच्या चिपला स्वतःची अशी आठवणच नाही. दर वेळी मशीन सुरू झालं की तिला तिचं फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारा छोटा प्रोग्राम, नव्याने भरवावं लागतं, आणि ते विंडोजच्या ड्रायव्हरच्या (तो भाग विंडोजला जोडून देणाऱ्या प्रोग्रामच्या) पोटात असतं, सायलीडटच.सिस नावाच्या फाइलमध्ये. ती पुसली गेली असती तर आमच्याच पडद्याला जुळणारं फर्मवेअर दुसरीकडे शोधत बसावं लागलं असतं. त्या रात्री तुम्ही माझ्याकडून ती एकच फाइल पेन ड्राइव्हवर काढून घेतली. मरणाऱ्याकडून तिजोरीची किल्ली कुठाय ते विचारून घ्यावं तसं.

पुढचे अडथळे तुमच्या लेखी किरकोळ होते. प्रोसेसर 64 बिटचा पण त्याला जागं करणारं यूईएफआय 32 बिटचं, त्यामुळे साधा पेन ड्राइव्ह सुरूच होईना. तुम्ही म्हणालात, दार अरुंद आहे पण घर मोठं आहे, आणि या दारातून आत शिरायला कर्नल जून 2014 च्या 3.15 आवृत्तीतच शिकलाय. शिरला तर सगळी अक्षरं आडवी, कारण पडदा मुळात उभा बनवलेला आणि कंपनीने तो आडवा बसवलेला. आई मान वाकडी करून वाचत होती. वाय-फाय मात्र पहिल्या फटक्यात लागलं, तेव्हा मी म्हटलं, चला, हे तरी आपोआप झालं. तुम्ही पहिल्यांदा जरा चिडलात. "आपोआप नाही ताई. या चिपचा ड्रायव्हर 2017 मध्ये 4.12 ला कर्नलमध्ये आला. त्याआधी लोक तो बाहेरून आणून, दर नव्या कर्नलला पुन्हा बांधून, म्हणजे कोडपासून तयार करून, वापरायचे." मी गप्प.

आणि मग टच. ते वीस-पंचवीस ओळींचं.

कर्नलमध्ये एक फाइल आहे, टचस्क्रीन_डीएमआय.सी. हान्स दे गुडे या डच माणसाने ती वर्षानुवर्षं सांभाळली. असल्या स्वस्त टॅबांची एकामागून एक नोंद तिच्यात आहे: या मशीनच्या पडद्याची लांबी-रुंदी एवढी, हा अक्ष उलटा, फर्मवेअरचं नाव अमुक. आमचा टॅब तिच्यात नव्हता. बरं, नोंद करायची तर मशीन ओळखायचं कशावरून? मशीनच्या पोटात त्याचं नाव-गाव असायला हवं. तुम्ही मला एक कमांड मारायला सांगितली, आणि उत्पादकाच्या रकान्यात काय निघालं? "टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम." म्हणजे कंपनीने भरावयाचे! तालुक्याच्या कचेरीतल्या अर्जासारखा रकाना कोरा ठेवून त्यांनी मशीन विकून टाकलं होतं. स्वतःचं नाव लिहायचेही कष्ट नाहीत. शेवटी बायॉसच्या (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामच्या) तारखेवरून तुम्ही त्याची ओळख पटवली.

तुम्ही तुमच्या मशीनवर कर्नल बांधून पाठवलात, कारण आमच्या टॅबवर तो बांधायला घेतला असता तर पोळ्या भाजून निघाल्या असत्या. पहिल्या कर्नलवर बोट लावलं, काहीच हललं नाही. दुसऱ्यावर हललं, पण डावीकडे बोट ठेवलं की बाण उजवीकडे पळायचा. "आरशात बघून टिकली लावावी तसं होतंय," आई म्हणाली, आणि तुम्ही फोनवर एकदम खूश झालात. "बाई, अगदी बरोबर! आता चारही कोपऱ्यांना बोट लावा आणि आकडे वाचा."

तो अर्धा तास मला अजून दिसतो. आई ओटीवर, मांडीवर टॅब, नाकावर चश्मा, आणि हजेरी घ्यावी त्या स्वरात: "वरचा डावा. एक्स सोळाशे बत्तीस, वाय अकरा. लिहिलंस?" तुम्ही, "हो बाई." "वरचा उजवा. एक्स नऊ, वाय चौदा. लिहिलंस?" "हो बाई." मध्येच पडदा गोठला, तेव्हा तिने तुम्हालाच दटावलं, "तू काही दाबलंस का रे?" तुम्ही बसलेले नाशिकला. मशीन गाढ झोपेत जाताना अडकतं, या पिढीतल्या बऱ्याच मशीनना हा त्रास आहे असं सांगून तुम्ही सुरू होतानाच्या सूचनांमध्ये इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=1 घालायला लावलंत. बॅटरी लवकर संपेल, हे औषध नव्हे, नुसती पट्टी आहे, हेही तेव्हाच सांगितलंत. ती पट्टी अजून तशीच आहे. कॅमेरा चालत नाही, आणि त्याची आशा धरू नका असं तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलं होतंत. जे जमणार नाही त्याला नाही म्हणणारा दुरुस्तीवाला मला फार दिवसांनी भेटला.

तिसऱ्या कर्नलवर बोट जिथे, बाण तिथे. आईने गटाची वही उघडली आणि कामाला लागली. माझ्या लेखी तिथे सगळं संपलं होतं. दादा, खरे आभार याच्या पुढच्या गोष्टीचे आहेत.

तुम्ही म्हणालात, हा कर्नल मी फक्त तुमच्यासाठी बांधलाय. उद्या सुरक्षेचा अपडेट आला की नवा कर्नल बसेल, आणि त्यात आपली नोंद नसेल. मग मी पुन्हा बांधायचा, तुम्ही पुन्हा बसवायचा. मी आजारी पडलो, कंटाळलो, तर बाईंचा हिशेब अडणार. म्हणून ती नोंद मूळ कर्नलमध्येच गेली पाहिजे. आणि शिफ्ट करून आल्यावर तुम्ही तो पॅच, म्हणजे कर्नलमध्ये घालायचा बदल, नीट लिहायला बसलात. कर्नल सांभाळणाऱ्यांकडून तो एकदा परत आला: नोंद वर्णानुक्रमाने योग्य जागी टाका, वर्णन सविस्तर लिहा. ऑफिसात माझं साधं पत्र कोणी दुरुस्तीला परत पाठवलं तर मी दोन दिवस घुश्शात असते. तुम्ही त्याच रात्री दुरुस्त करून पाठवलंत, आणि वर मला सांगितलंत की बरोबरच आहे त्यांचं.

मग एके संध्याकाळी तुम्ही संकोचत विचारलंत, बाईंचं नाव घातलं तर चालेल का? पॅचच्या तळाला कोणी लिहिलं, कोणी तपासलं ते नोंदवायची पद्धत असते म्हणे, आणि ज्याने प्रत्यक्ष मशीनवर चालवून पाहिलं त्याच्यासाठी टेस्टेड-बाय अशी ओळ. आईला मी समजावलं. तिने विचार केला आणि एकच अट घातली: स्पेलिंग सेवापुस्तकात आहे तसंच हवं, आधारवर चुकलंय.

गेल्या आठवड्यात तुम्ही कळवलंत की पॅच घेतला गेला. त्या ओळी मी आईला तिच्याच टॅबवर उघडून दिल्या. वरून खाली बोटाने सरकवत गेली, सगळं इंग्रजी आणि कंसच कंस, आणि शेवटी नावापाशी थांबली. स्पेलिंग एक-एक अक्षर तपासलं. मग मला विचारलं, "ह्याच्या खाली-वर आहेत ते सगळे टॅब असेच कुणी कुणी घरी बसून केलेले?" मी म्हटलं, बहुतेक. "पगार?" काहींना असेल, सगळ्यांना नाही. "हं," म्हणाली, आणि फणसपोळीचा डबा खाली काढला.

तर एसटी पार्सलने डबा निघाला आहे. वरची फणसपोळी तुमची, खालची आमसुलं वहिनींकडे द्या. पैसे घेणार नाही म्हणालात, फणसपोळीबद्दल काही म्हणाला नव्हतात.

आणि एक. गटातल्या एका काकूंकडे असाच जुना टॅब निघालाय, दुसऱ्या कंपनीचा. त्याची ती कमांड आईने स्वतः मारून पाहिली. उत्पादकाचा रकाना त्यातही कोराच आहे. विंडोज अजून पुसलेलं नाही, आणि सायलीडटच.सिस पेन ड्राइव्हवर काढून ठेवली आहे. बाई विचारताहेत, शिफ्ट कुठली आहे या आठवड्यात?

तुमची,
देवरुखची ताई